जुन्या छोट्या ट्रॅक्टरला इंजिनच्या पुढून हायड्रॉलिक पंप : कसा जोडावा?

बागाईतदार_पिंपळगाव
नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी. तीन सिलिंडर, १८.५ एचपी. जुना आहे, पण इंजिन खणखणीत आहे. द्राक्षाची बाग, ओळींत नऊ फूट अंतर, वाय आकाराच्या मांडवाची. शेंडा मारायला पुढे बसणारा एका बाजूचा ट्रिमर घ्यायचा आहे, त्याची पाती हायड्रॉलिक मोटरवर फिरतात. ट्रिमरची मागणी मिनिटाला १५ लिटर तेल आणि जास्तीत जास्त १२० बार दाब अशी आहे. ट्रॅक्टरचा स्वतःचा पंप लिफ्टपुरता आहे, त्याच्यावर तासन्‌तास मोटर चालवायची नाही. म्हणून क्रँक पुलीवरून, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या पुढच्या टोकावरच्या पुलीवरून, पुढे गिअर पंप जोडायचं ठरवलंय. पंप किती सीसीचा घ्यावा? पुलीला कसा जोडावा? तेल गिअरबॉक्समधून घ्यावं की वेगळी टाकी करावी? मागे पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर) श्रेडर लावून पडलेले शेंडे त्याच फेरीत बारीक करायचाही विचार आहे.

अंबड_लेथ
आधी हिशेब मांडा, पंप नंतर. सीसी (पंप एका फेऱ्यात देतो ते तेल) गुणिले आरपीएम, भागिले हजार, म्हणजे मिनिटाला लिटर. त्यातले सात-आठ टक्के पंपाच्या आतल्या गळतीत जातात. शेंडा मारताना इंजिन २००० वर धरलंत तर ८ सीसीचा पंप कागदावर १६ आणि हातात पावणेपंधरा लिटर देईल. पूर्ण २७०० वर गेलात तर २० च्या आसपास. म्हणजे ८ सीसी पुरे. ‘थोडा मोठा असू द्या’ म्हणून ११ किंवा १४ सीसी घेऊ नका. जास्तीचं तेल फक्त गरम होतं आणि डिझेल खातं.

आता ताकद. बार गुणिले लिटर, भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. १२० × १५ ÷ ६०० = ३ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता धरून इंजिनवर साडेतीन, म्हणजे पावणेपाच एचपी. तुमचे १८.५ एचपी २७०० आरपीएमचे आहेत, २००० वर साधारण १४ च मिळतात. त्यातून ट्रिमर वजा करा, काळ्या जमिनीत ट्रॅक्टर ओढायचे तीन-चार वजा करा. श्रेडरला पाच-सहा उरतात, तेवढ्यात श्रेडर काड्या नुसत्या ढकलतो. एका फेरीत दोन्ही कामं या ट्रॅक्टरवर होणार नाहीत.

दिंडोरीकर
पावणेपाच हा कमाल आकडा आहे. कोवळ्या शेंड्यांवर १२० बार लागत नाही, पात्यात जुनी काडी किंवा तार अडकली की दाब तिथवर जातो. पण निष्कर्ष बरोबर आहे, श्रेडर वेगळ्या फेरीतच चालवा.

आणि तसं असेल तर मूळ प्रश्नच बदलतो. ट्रिमर चालताना मागचा पीटीओ रिकामा असेल, तर पुढे एवढी चिरफाड कशाला? पीटीओवर बसणारा, एकास तीन गिअरबॉक्सचा पंप मिळतो. ५४० चे १६२० आरपीएम होतात, १० सीसीचा घेतला की पंधरा लिटर मिळाले. पीटीओच्या दातेरी दांड्यावर (स्प्लाइनवर) सरकवा, साखळीने बांधा, काम झालं. नळ्या दोन मीटर जास्त लागतील एवढंच.

ऑइलसील
दिंडोरीकर दादा, एकच अडचण आहे पण मोठी. सिंगल क्लच असलेल्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की पीटीओ थांबतो. ओळीच्या टोकाला वळताना, गिअर बदलताना, खांबाशी हळू होताना दर वेळी पाती थांबणार आणि परत वेग घेणार. अर्ध्या वेगातलं पातं शेंडा कापत नाही, ओरबाडतं. चिंधी झालेल्या टोकातून रोग शिरायला वाट मिळते. क्रँकवरचा पंप इंजिन चालू आहे तोवर सारखा फिरतो, क्लचशी त्याचा संबंध नाही. पुढच्या पंपाचं खरं कारण हे आहे.

दिंडोरीकर
मान्य. पाती सतत फिरती हवी असतील तर पुढचाच पंप.

अंबड_लेथ
जोडणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बिघडतं ते इथेच.

बॉनेट उघडा, पुढची जाळी आणि वजनं काढा. क्रँक पुलीच्या मध्यापासून पुढे सरळ लोखंडी सळई धरून पाहा. रेडिएटरची खालची टाकी किंवा पुढचा ब्रॅकेट आडवा येतो का? सळई मोकळी गेली तर निम्मं काम झालं. ब्रॅकेटच्या ओतीव भागाला भोक पाडावं लागत असेल, तर कडेपासून आणि एक्सलच्या पिनच्या बॉसपासून अंतर ठेवूनच पाडा. तो भाग पुढच्या एक्सलचं सगळं वजन घेतो.

पुलीच्या तोंडावर आटे पाडलेली भोकं असली तर उत्तम, त्यांनाच अ‍ॅडॉप्टर बसतो. नसतील तर पुली काढून लेथवर भोकं पाडून टॅप करा, ट्रॅक्टरवर हातातल्या ड्रिलने अजिबात नको. पुलीत रबराचा थर असेल तर बाहेरच्या कड्याला काहीही जोडू नका, ते कडं निसटतं. अ‍ॅडॉप्टर ईएन-८ पोलादाचा, १२ मिमी जाडीची फ्लँज आणि पुढे २५ मिमीचा दांडा, एकाच तुकड्यातून काढलेला. वेल्ड केलेला नको, वेल्डिंगने वाकतो. फ्लँजला मागे खांदा काढून तो पुलीच्या मधल्या गोलात घट्ट बसवा. केंद्र खांद्याने धरायचं असतं, बोल्ट फक्त आवळायला. बोल्ट एम-८, ८.८ ग्रेड, आटे पकडणारा द्रव लावून साधारण २५ न्यूटन-मीटरवर आवळा. मग दांड्याच्या टोकाला डायल (हलणं मोजणारं काट्याचं गेज) लावून इंजिन हाताने एक फेरा फिरवा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त हललं तर उतरवा आणि पुन्हा कापा.

दांडा आणि पंप जोडणारं कपलिंग स्टारचं (मधे चांदणीच्या आकाराचं रबर असलेलं), म्हणजे बाजारात सगळे लव्हजॉय म्हणतात ते. पंपाचा टॉर्क सीसी गुणिले बार भागिले ६२.८. ८ सीसी आणि १२० बारला १५ न्यूटन-मीटर, कार्यक्षमता धरून १७. एल-०९५ काळ्या रबराच्या स्टारसह साधारण २२ चं आहे, म्हणजे कागदावर चालतं. पण तीन सिलिंडरच्या इंजिनचे हिसके आणि पात्याचे धक्के धरले तर एल-१०० घ्या, ते ४७ चं आहे. व्यास ६५ मिमीच्या आत, जागा फार खात नाही.

सटाणा_भाऊ
बेल्टने का नाही? पुलीवर आणखी एक खाच, पंप बाजूला, रेडिएटरचा प्रश्नच नाही.

अंबड_लेथ
बेल्टचा ताण पंपाच्या दांड्याला आडवा ओढतो. गिअर पंपाच्या आतले बुश त्या ओढीसाठी नसतात. दाते हौसिंगला एका बाजूने घासून चर पाडतात, मग आधी दाब जातो आणि मागून सील. बेल्टच हवा असेल तर पुली वेगळ्या बेअरिंग ब्लॉकवर बसवा आणि तिथून पंपाला कपलिंग द्या. इतकं करण्यापेक्षा सरळ जोडणी सोपी.

ताई_मेकॅनिकल
अंबड दादांच्या पोस्टला एक जोड, ही चूक फार होते. कपलिंगच्या दोन अर्ध्या भागांत दोन ते तीन मिमी फट सोडा, ठोकून भिडवू नका. क्लच दाबला की क्रँक पुढे सरकतो. चांगल्या इंजिनात हा खेळ ०.१ ते ०.३ मिमी, झिजलेल्यात जास्त. फट नसेल तर पायाचा सगळा जोर क्रँकमार्फत पंपाच्या आतल्या झिजपट्टीवर येतो. पंप तासाभरात हात लावू देत नाही आणि लोक दोष तेलाला देतात. जुन्या इंजिनावर हा खेळ आधी मोजा: पुलीच्या तोंडावर डायल टेकवा, दुसऱ्याला क्लच दाबायला सांगा, काटा किती सरकतो ते पाहा. अर्धा मिमीच्या वर गेला तर आधी थ्रस्ट वॉशर (क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणारे) बदला, पंप नंतर.

दुसरं म्हणजे पंप ज्यावर बसतो ती पट्टी कशाला धरायची. इंजिन पुढच्या ब्रॅकेटला थेट बोल्टने आवळलेलं असेल, तर १२ मिमीची पट्टी त्याच ब्रॅकेटवर. इंजिन रबरी माउंटिंगवर असेल तर ते हलणार आणि पंप हलणार नाही. अशा वेळी स्टार कपलिंग टिकत नाही, दोन सांध्यांचा छोटा कार्डन (वाकत फिरणारा जोडदांडा) लागतो. दोन्ही बाजूंचा कोन सारखा, योक (सांध्यांचे दुबेळके) एका रेषेत.

येवला_शेतकरी
पंप घेताना क्लॉकवाइज मागायचा ना? इंजिन समोरून बघितलं तर उजवीकडेच फिरतं.

ऑइलसील
नाही, इथेच पंप वाया जातात. पंपाची दिशा त्याच्या दांड्याकडे बघून सांगतात. तुमच्या जोडणीत पंपाचा दांडा इंजिनकडे तोंड करून आहे, म्हणजे तुम्ही इंजिनच्या बाजूला उभं राहून पुढे बघताय. भिंतीवरचं घड्याळ मागून पाहिलं तर काटे उलटे फिरतात, तसंच हे. समोरून क्लॉकवाइज असलेला क्रँक तिकडून अँटिक्लॉकवाइज दिसतो. म्हणून सरळ जोडणीला अँटिक्लॉकवाइज, म्हणजे डावा पंप.

येवला_शेतकरी
मग बेल्टने पंप बाजूला बसवला आणि दांडा पुढे तोंड करून असला तर?

ऑइलसील
तर क्लॉकवाइज. उलट्या दिशेचा पंप चालवला तर दाबाचं तेल सीलच्या मागे येतं, कारण ती पोकळी सक्शनच्या, म्हणजे तेल ओढणाऱ्या बाजूला जोडलेली असते. सील पहिल्या मिनिटात बाहेर. काही पंप खोलून दिशा बदलता येते, सगळे नाही. दुकानातच दांडा स्वतःकडे धरून बाण बघा.

अंबड_लेथ
दांड्याचा प्रकारही तिथेच बघा. ग्रुप टू (या मापाच्या) पंपाला बहुधा एकास आठचा टेपर, चावी आणि पुढे नट असतो. त्यावर सरळ भोकाचं कपलिंग ठोकलं तर ते डुगडुगतं. टेपरचंच भोक लेथवर काढून घ्या, निळा रंग लावून बसवून बघा, सत्तर टक्के तरी रंग उठला पाहिजे. पंप पट्टीवर बसतो त्या बाजूचा उठलेला गोल ३६.५ मिमीचा असतो, पट्टीतलं भोक त्या मापाला नेमकं काढा. पंपाचं केंद्र तोच धरतो.

बागाईतदार_पिंपळगाव
फार मोलाची माहिती. पीटीओचा विचार सोडला, श्रेडर वेगळ्या फेरीत. आता तेलाचं सांगा.

ताई_मेकॅनिकल
वेगळी टाकी. गिअरबॉक्सच्या तेलात दात्यांची झीज असते, ती मोटरमध्ये पाठवायची नाही. उलट मोटरची नळी बागेत तुटली तर गिअरबॉक्स रिकामा होतो. ३०० × ३०० × ३५० मिमीची टाकी म्हणजे ३१ लिटर, त्यात २५ भरा. वरची जागा फेस आणि फुगण्यासाठी. आत मधोमध एक आडवी भिंत: परतीचं तेल एका बाजूला, सक्शन दुसऱ्या. परतीची नळी तेलाच्या पातळीखाली सोडा, वरून धार पडली की फेस होतो. झाकणाला फिल्टर असलेला ब्रीदर (हवेची वाट). वेल्डिंगनंतर आतली खवली घासून, डिझेलने धुऊन, कोरड्या कापडाने पुसा. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू राहतात.

टाकी सीटच्या मागे डावीकडे येईल. महत्त्वाचं इतकंच की तेलाची पातळी पंपाच्या तोंडापेक्षा वर राहिली पाहिजे.

सटाणा_भाऊ
सक्शनला पाऊण इंची नळी चालेल ना? पंपाचं तोंड तेवढंच आहे.

ताई_मेकॅनिकल
भाऊ, तोंड तेवढं असलं तरी नळी एक इंचीच घ्या, आत तारेची गुंडाळी असलेली. २० लिटरला पाऊण इंचीत तेलाचा वेग सेकंदाला जवळजवळ १.२ मीटर होतो, एक इंचीत ०.६५. सक्शनला एकच्या आत हवा. टाकी मागे असल्यानं नळी दोन मीटर होणार, मग सव्वा इंची घ्या आणि शेवटी उतरवा. दाबाची नळी अर्धा इंची आर-२ (तारेच्या दुहेरी विणीची), ती २७५ बारची असते. वळण १८० मिमीच्या त्रिज्येपेक्षा आवळू नका. परतीला पाऊण इंची. सक्शनला १२५ मायक्रॉनची जाळी, परतीला २५ मायक्रॉनचा फिल्टर.

आणि टेफ्लॉन टेप नको, कितीही सोयीची वाटली तरी. तिचा दोरा सुटून व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतल्या सरकत्या दांडीत) अडकतो. बीएसपीच्या (पाइपच्या) आट्यांना डाऊटी, म्हणजे रबराची कड असलेला वॉशर.

निफाड_थंडी
तेल व्हीजी ६८ (आकडा मोठा तितकं तेल घट्ट) टाकू का? उन्हाळ्यात ४० अंश असतं.

ऑइलसील
शेंडा मारणं एप्रिल छाटणीनंतर आणि पुन्हा गोडी छाटणीनंतर. म्हणजे मे-जूनचं ऊन आणि नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी दोन्ही यात येतात. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. तेव्हा ६८ चं तेल सक्शनमधून नीट चढत नाही, पंप खडखडतो. त्यात हा पंप स्टार्टरबरोबरच फिरतो, बॅटरीवर ओझं पडतं. बारा महिने व्हीजी ४६ ठेवा आणि तेलाचं तापमान ६५-७० च्या पुढे जाऊ देऊ नका.

तापमान वाढतं ते कुठे तेही पाहा. पाती अडकून रिलीफ (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडी राहिली तर तीनही किलोवॅट तेलात जातात. २५ लिटर तेल मिनिटाला साधारण ४ अंशांनी तापतं. पाच मिनिटं दुर्लक्ष झालं तर वीस अंश. रिलीफचा आवाज आला की ताबडतोब लीव्हर सोडा.

दिंडोरीकर
मोटर चालू-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल कोणी बोललं नाही. हायड्रॉलिक सिलिंडरसाठीचा स्पूल घेऊ नका. तो मधे आला की दोन्ही नळ्या बंद करतो. फिरणारी जड पाती एकदम थांबतात, दाबाचा झटका मोटरच्या दांड्यावर येतो, चावी तुटते. मोटर स्पूल मागा: मधे आला की दोन्ही नळ्या टाकीला जोडल्या जातात आणि पाती आपोआप मंदावतात. बॉडी ओपन सेंटर असावी, म्हणजे काम नसताना तेल दाबाशिवाय फिरत राहील. या पंपाला क्लच नाही, त्यामुळे हे टाळता येणार नाही.

देवळा_ट्रॅक्टर
याच पंपावर पुढे छोटा लोडर चालेल का? शेणखत भरायला.

अंबड_लेथ
तेल पुरेल. ४० मिमी बोअर, ४०० मिमी स्ट्रोकचे दोन सिलिंडर म्हणजे एक लिटर तेल, चार सेकंदांत वर. १२० बारला प्रत्येकी दीड टनाचा जोर. पण हा जोर पुढच्या एक्सलवर आणि त्या छोट्या चाकांच्या बेअरिंगवर येणार आणि ती त्यासाठी नाहीत. लोडरसाठी वेगळा धागा काढा, इथे ट्रिमरचं होऊ द्या.

ताई_मेकॅनिकल
पहिल्यांदा चालू करताना: सक्शन नळी पंपाकडून सोडून तेल गळेपर्यंत भरा, पंपाच्या तोंडात अर्धा पेला ओता, मग जोडा. रिलीफचा स्क्रू पूर्ण ढिला. स्टॉप ओढून स्टार्टर पाच-पाच सेकंद दोनदा फिरवा. मग इंजिन सुरू करून हजाराच्या आत धरा. दहा सेकंदांत परतीच्या नळीतून तेल आलं नाही तर बंद करा, कोरडा पंप मिनिटभरही तग धरत नाही. दुधासारखं तेल म्हणजे सक्शनमध्ये हवा येते आहे. कर्कश खडखडाट आणि तेल स्वच्छ, म्हणजे सक्शन आवळलंय: जाळी, मुडपलेली नळी किंवा घट्ट तेल. दोन्हीचा आवाज सारखा वाटतो, म्हणून आधी टाकीत डोकावा. पाच मिनिटांनी गेज लावून, मोटरची नळी बंद करून, स्क्रू पाव-पाव फेरा आवळत १२० वर आणा.

गळती हाताने चाचपू नका. केसाएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडीत शिरतं, टोचल्यासारखंच वाटतं, पण काही तासांत बोट जायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा फिरवून बघा. टोचलंच तर घरी न थांबता थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात, आणि हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे डॉक्टरांना सांगा.

बागाईतदार_पिंपळगाव
अंबडच्या लेथवर न्यायची यादी अशी झाली: ८ सीसी ग्रुप टू डावा पंप, टेपर भोकाचं एल-१०० कपलिंग, ईएन-८ अ‍ॅडॉप्टर, १२ मिमी पट्टी, ३१ लिटरची टाकी, सव्वा इंची सक्शन, आर-२ अर्धा इंची दाबनळी, मोटर स्पूलचा ओपन सेंटर व्हॉल्व्ह, व्हीजी ४६ तेल. ट्रिमर काढता-घालता यावा म्हणून पंपातून निघाल्यावर लगेच क्विक कपलर (नळी झटकन जोडायचा-सोडायचा जोड) टाकतो, मग पुढे व्हॉल्व्ह.

ऑइलसील
थांबा, क्विक कपलरची जागा बदला. दाब सोडणारी रिलीफ ही त्या मोटर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आत आहे. कपलर पंप आणि व्हॉल्व्हच्या मधे टाकलात आणि तो कोणी सुटा ठेवून स्टार्टर मारला, तर तेलाला जायला वाटच नाही. नळी फुटेल नाहीतर पंपाचं अंग तडकेल. पंप ते व्हॉल्व्ह सलग नळी, कपलर व्हॉल्व्ह आणि मोटरच्या मधे. परतीलाही तेच: व्हॉल्व्ह ते टाकी मधे काहीही सुटं होणारं नको.

बागाईतदार_पिंपळगाव
बदललं. कपलिंगभोवती दोन मिमी पत्र्याचं झाकणही करतो, फिरत्या भागात गवत आणि तार जाऊ नये म्हणून.

अंबड_लेथ
झाकणाला खालून बोटभर झरोका ठेवा. पहिल्या दहा तासांनी टॉर्च मारून पट्टीवर पाहा. काळ्या रबराची बारीक भुकटी साचली असेल तर स्टार घासतोय, म्हणजे पंपाचं केंद्र सरकलंय. मग पंपाचे बोल्ट ढिले करून, डायल कपलिंगच्या बाहेरच्या काठावर फिरवून, पट्टीखाली पातळ शिम घालून ते ०.१ मिमीच्या आत आणा आणि दोन डॉवेल पिना ठोका. भुकटी नसेल तर पन्नास तासांनी पुन्हा पाहा.